निळीचं पहिलं पाणी

कोरी, एकदाही पाण्यात न गेलेली जीन्स पहिल्यांदा दिवसभर अंगावर असली की संध्याकाळी तळहात निळसर दिसतात. खिशात हात घालून उभं राहायची सवय असेल तर बोटांची पेरं जरा जास्तच. नखांच्या कडेला बारीक निळी रेघ उरते, ती साबणानं लगेच जात नाही. पांढऱ्या बुटांच्या कडा, खांद्यावरच्या कापडी पिशवीचा मांडीला घासणारा कोपरा, सोफ्याची फिकी खोळ, मांडीवर ठेवून वाचलेल्या पुस्तकाचं मलपृष्ठ, सगळीकडे थोडी थोडी नीळ जाऊन बसते. मी खुर्चीवरून उठलो की आई आधी खुर्चीकडे बघते.

ही जीन्स शिवल्यावर धुतलेली नसते. दुकानात एरवी टांगलेली जीन्स आपल्या हाती येण्याआधीच कारखान्यात धुवून मऊ केलेली असते. हिच्या अंगात अजून खळ असते. घडी उलगडताना करकर आवाज होतो. सुरुवातीला जिना चढताना गुडघ्यामागे कापड टोचतं, आणि जमिनीवर बसायचं म्हटलं की आधी कापडाची समजूत काढावी लागते. मला हा अवघडलेपणाचा काळ फार आवडतो. शरीराच्या प्रत्येक सवयीला कापड आडवं येतं, आणि तेवढ्यापुरत्या का होईना, त्या सवयी आपल्याला कळतात. आपण उभं राहताना भार कोणत्या पायावर देतो, हे एरवी कोण कधी बघतं?

"आणलीस तशीच घालतोस? आधी पाण्यातून काढ की," आई म्हणाली होती. तिच्या दृष्टीनं यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. खादी असो, मांजरपाट असो, परकराचं कापड असो, ते रात्रभर बादलीत भिजायचं, सकाळी सावलीत वाळायचं, आटायचं तेवढं आटायचं आणि मगच शिंप्याकडे जायचं. तिचं बोट नेमक्या जागी पडलं होतं. कोऱ्या जीन्सच्या बाबतीत सर्वांत आधी हेच माहीत करून घ्यावं लागतं, की कापड आधी आटवलेलं आहे की नाही. सॅनफोर्ड क्लूएट नावाच्या अमेरिकन माणसानं १९३० च्या सुमारास गिरणीतच कापड दाबून आटवण्याची रीत काढली. तिला त्याच्याच नावावरून सॅनफरायझेशन म्हणतात. असं कापड घरच्या पाण्यात फार तर दोन-तीन टक्के आत येतं. ज्यावर ही प्रक्रिया झालेली नाही ते मात्र दहा टक्क्यांपर्यंत आटू शकतं, म्हणजे टाचेखाली लोळणारी जीन्स घोट्याच्या वर जाऊन बसते. ती मोठ्या मापाचीच घ्यायची, आणि घालण्याआधी गरम पाण्यात भिजवून, वाळवून मग मापाला आणायची. लिव्हाइसची ५०१ कित्येक वर्षं याच बोलीवर विकली गेली. काही जण तर ती ओली असतानाच चढवत आणि अंगावर वाळू देत, म्हणजे ज्याची जीन्स त्याच्याच मापाला यावी.

माझी आटवलेल्या कापडाची होती. त्यामुळे पहिल्या पाण्याची घाई नव्हती.

हे पहिलं पाणी लांबवण्याचं मूळ निळीच्या स्वभावात आहे. नीळ पाण्यात विरघळत नाही. सूत रंगवायचं तर रसायनांनी तिचं रूप बदलून तिला विरघळवावं लागतं, आणि त्या वेळी कुंडातलं पाणी निळं नसतंच, पिवळसर हिरवं असतं. डेनिमच्या गिरणीत शेकडो धाग्यांचा एकेक दोर करून तो या कुंडात बुडवतात, वर काढून हवेत फिरवतात, आणि हवा लागता लागता हिरवट धागा निळा होत जातो. पुन्हा बुडी, पुन्हा हवा. इतक्या बुड्या होऊनही नीळ सुताच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही; बाहेर निळ्याचं कडं आणि आत पांढरा कापूसच राहतो. उभे धागे असे रंगवलेले आणि आडवे कोरे, म्हणून जीन्स उलटी केली की आतून पांढरट दिसते. बरं, कापसाशी निळीचं रासायनिक नातं जडत नाही. ती धाग्यात नुसती अडकून बसते आणि घासलं की थराथरानं निघून जाते. आईनं मिठाच्या पाण्याचा उपाय सुचवला, काही जण व्हिनेगर सांगतात. नीळ दोन्हींना दाद देत नाही. ही नीळ आता शेतातली नसते, हेही इथेच सांगायला हवं. जिच्यापायी १८५९ साली बंगालातली रयत उठली आणि १९१७ साली गांधीजी चंपारणला गेले, तिची जागा १८९७ पासून जर्मनीच्या कारखान्यांतून बाहेर पडू लागलेल्या निळीनं घेतली. रेणू तोच, सुटून जाण्याची खोडही तीच.

म्हणून जीन्स जिथे घासते, वाकते, दुमडते, तिथे ती उजळत जाते. अंगात खळ आहे तोवर घड्या कडक असतात आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा पडतात, त्यामुळे पहिल्या पाण्याआधी उमटलेल्या रेषा स्पष्ट येतात. पाणी लागलं की खळ जाते, कापड सैलावतं आणि घड्यांना आपल्या जागा पुन्हा शोधाव्या लागतात. जांघेपासून मांडीवर पसरणाऱ्या रेषांना जपानी लोक हिगे म्हणतात, गुडघ्यामागच्या जाळीला हाचिनोसु. त्यांच्याकडे अशा प्रत्येक खुणेला नाव आहे. पण मांडी घालून जेवायला बसणाऱ्या माणसाच्या जीन्सवर जे उमटतं त्याला कुठे नाव असल्याचं माझ्या पाहण्यात नाही. घोट्याच्या बाहेरच्या अंगाला, जिथे पाय जमिनीवर टेकतो, एक लांबट पांढरा डाग पडतो. गुडघ्याच्या बाजूला तिरप्या घड्या येतात, खुर्चीवर बसणाऱ्याला कधीच न येणाऱ्या. उजव्या खिशावर मोबाइलची चौकट, कंबरेशी किल्ल्यांचा दातेरी ठसा, आणि डाव्या गुडघ्यावर एक गोल, कारण कुंड्यांशी काम करताना मी डावा गुडघा टेकतो. कल्याणहून सुटणाऱ्या गाडीत दाराशी उभं राहणाऱ्यांच्या जीन्स मी हल्ली बघत असतो. दांड्याला टेकणारी बाजू आणि न टेकणारी बाजू यांत फरक दिसतो.

अशा खुणांच्या प्रेमात पडलेल्यांचा एक पंथच आहे, आणि धुणं त्यांना सहन होत नाही. वेल्समधल्या कार्डिगन गावात जीन्सचा मोठा कारखाना २००२ साली बंद पडला. दहाएक वर्षांनी तिथल्याच कसबी हातांना धरून ह्यूट नावाची छोटी कंपनी उभी राहिली. जीन्स सहा महिने न धुता घालणाऱ्यांसाठी तिनं 'नो वॉश क्लब' काढला. २०१४ साली लिव्हाइसच्या तेव्हाच्या प्रमुखांनी आपल्या अंगावरची जीन्स वर्षभरात धुतलेली नाही असं जाहीरपणे सांगितलं आणि त्याची जगभर बातमी झाली. कुणी जीन्स रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवतात. त्यानं वास थोडा वेळ दबत असेल, पण बहुतेक जिवाणू गारठून मरत नाहीत, कापड अंगाला लागून तापलं की पुन्हा जागे होतात. याची एक तपासणी कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात २०११ साली झाली. एका विद्यार्थ्यानं जीन्स पंधरा महिने न धुता घातली, मग धुतली आणि तेरा दिवस घातली. दोन्ही वेळा मोजलेले जिवाणू जवळपास सारखेच निघाले, आणि तेही बहुतेक आपल्या त्वचेवर एरवी असतात तेच.

हे वाचून मला हायसं वाटलं. पण त्यात धाग्याची बाजू आली नव्हती. घाम सुकतो, मीठ मागे राहतं, धुळीचे बारीक कण सुतात शिरतात आणि प्रत्येक पावलागणिक आतून कापसाला कातरत राहतात. न धुतलेली जीन्स बहुतेकदा जांघेत आधी फाटते, तेही बाकी कापड अजून धडधाकट असताना. ज्या खुणांसाठी सगळी राखण चालली त्या जपता जपता कापडच हातातून जायचं. कोजिमा हे जपानातलं ओकायामा भागातलं गाव, समुद्र हटवून केलेल्या खारट जमिनीत कापूस पिकवता पिकवता कापडाच्या धंद्यात आलेलं. आधी तिथे शाळेचे गणवेश शिवले जात, १९६० च्या दशकापासून जीन्स. तिथले कितीतरी निर्माते आपल्या गिऱ्हाइकाला उलट वेळच्या वेळी धुवायला सांगतात. त्यांचं मला पटतं.

शिवाय सहा महिन्यांचा नियम थंड, कोरड्या हवेतला. आपल्याकडे जुलैत जीन्स खुंटीला टांगून ठेवली तर चार दिवसांत कुबट वास मारते, आणि आठवडा गेला तर कंबरपट्ट्याच्या आत काळे ठिपके धरतात. एकदा बुरशी कापसात शिरली की तिचा डाग कायमचा. मला विचाराल तर आपलं पंचांग निराळं असावं. कोरी जीन्स दसऱ्याला काढावी, थंडीभर घालावी, आणि शिमग्याच्या आसपास, ऊन तापायच्या आधी, तिला पहिलं पाणी दाखवावं. पुढे उन्हाळ्यात घामाच्या मानानं महिन्याकाठी, पावसाळ्यात चिखलाच्या मानानं. तारखेपेक्षा हातावर भरवसा ठेवावा. मांडीवरून तळवा फिरवला आणि कापड कोरडं, खरखरीत लागलं तर अजून वेळ आहे. तेच ओशट, गार, थोडं चिकट लागलं, गुडघे फुगून पुढे आले, रात्री काढून ठेवलेली जीन्स सकाळी हवेवर राहूनही ताजी झाली नाही, की वेळ झाली.

पहिलं पाणी मी आईच्या देखरेखीखाली दिलं. ती मोरीच्या उंबऱ्याशी पाट घेऊन बसली आणि मी आत उकिडवा. जीन्स उलटी करायची, बटणं लावून घ्यायची, म्हणजे कापड पिरगळत नाही. पाणी साधं, फार तर कोमट. गरम पाण्यात रंग अधिक सुटतो. साबण पातळ, सौम्य, अगदी थोडा, आणि तो कपडे शुभ्र करणारा नसावा, कारण त्यातली उजळवणारी द्रव्यं निळ्यावर राखाडी झाक आणतात. कापड पूर्ण पाण्याखाली जायला वेळ लागतो. खळ सुटेपर्यंत ते वर वर येत राहतं, बुडबुडे सोडतं. मी ब्रशकडे हात नेला तर आई म्हणाली, "घासू नकोस. नुसतं दाब, सोड, दाब. पाणीच काय ते करेल."

अर्धा-पाऊण तास तसंच ठेवायचं, अधूनमधून दाबायचं. पाणी आधी चहासारखं पिवळट झालं, ती खळ आणि धूळ. मग हळूहळू निळं. पहिलं पाणी सोडलं, दुसरं घेतलं, तिसरं घेतलं, तरी निळं येतच होतं. निवळ पाणी येईपर्यंत धुत बसायचं नाही हे मला आधी कुणी सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं. आईला ते ठाऊक होतं. तिच्या आईच्या काळ्या इरकलीचं पहिलं पाणी असंच असायचं, वेगळ्या घमेल्यात, एकटीचं, सावलीत. पिळायचं नाही, पिळलं की घडीवर रंग तुटतो. नुसतं दांडीवर टाकून पाणी निथळू द्यायचं. भिजलेली जीन्स उचलताना दोन्ही हात लागतात. आजीची लुगडीही अशीच जड होत असतील. कंबरेकडून चिमटे लावून, उलटीच, उन्हाच्या आड वाळत घालायची. आईनं पायांच्या शिवणी दोन्ही हातांनी ताणून सरळ केल्या आणि म्हणाली, "आता वाळल्यावर इस्त्री लागायची नाही."

तिनं कोजिमा ऐकलेलं नाही. पण तिथल्या कारागिरानं जे सांगितलं असतं ते सगळं ती तासाभरात पाटावर बसून सांगून मोकळी झाली. आमच्या घरात पुरुषांचे कपडे धुवायचं काम आधी आजीकडे होतं, मग आईकडे, मग धुण्याला येणाऱ्या मावशींकडे आणि आता यंत्राकडे. रंग सुटणारं कापड कोणतं, कुठलं कशाबरोबर भिजवायचं नाही, कोणतं दाबायचं आणि कोणतं चुबकायचं, किती पाणी पुरे, ही सगळी विद्या त्या बाजूला साठत गेली आणि आम्ही तिकडे फिरकलोही नाही. कोरी जीन्स कुणाकडे सोपवता येत नाही. यंत्रात टाकली तर घुसळणीनं पांढरे ओरखडे उठतात, दुसऱ्याला द्यावी तर सूचना देण्यातच धुणं होऊन जाईल. मग ती स्वतःच धुवावी लागते, आणि धुता धुता आपल्या पायांची, चालण्याची, बसण्याची ओळ न् ओळ बोटांखालून जाते. मला या कपड्याची ही देणगी सर्वांत मोलाची वाटते, खुणांहूनही.

बादलीतलं निळं पाणी मोरीत ओतताना मला वालधुनी आठवते. अंबरनाथच्या डोंगरातून निघून उल्हासनगरातून आमच्या कल्याणकडे येणारी ही लहानशी नदी. उल्हासनगरच्या कँपांत जीन्स शिवण्याचा धंदा वाढला, पाठोपाठ ती धुणारे कारखानेही आले, आणि ते रंगीत पाणी वर्षानुवर्षं नाल्यांतून नदीला मिळालं. अखेर त्या कारखान्यांवर बंदीची कारवाई झाली. ज्या जुनेपणासाठी मी महिने मोजतो तो तिथे प्यूमिसचे दगड आणि विकरं घालून काही तासांत आणला जात होता. एक तऱ्हा याहून वाईट होती. जीन्सवर वाळूचा फवारा मारून गुडघे उजळवत. तुर्कस्तानात हे काम करणाऱ्या तरुण मुलांच्या फुप्फुसांत सिलिका जाऊन त्यांना सिलिकोसिस झाला, कित्येक दगावले, तेव्हा २००९ साली तिथल्या सरकारनं या फवाऱ्यावर बंदी घातली. कुणाच्या तरी मांडीवर फिका पट्टा दिसावा म्हणून कुणी तरी श्वास गमावला होता. माझ्या एका बादलीनं वालधुनीचं काही बरंवाईट होणार नाही, हे मला कळतं. तरी ते पाणी मी हल्ली भराभर ओतत नाही.

जीन्सचा आणि धुणाऱ्या हातांचा हिशेब फार जुना आहे. जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्यानं खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याचे रिव्हेट ठोकले आणि लिव्हाय स्ट्रॉसबरोबर २० मे १८७३ ला त्याचं पेटंट घेतलं. गिऱ्हाईक होते अमेरिकेच्या पश्चिमेकडचे खाणकामगार आणि मजूर. त्यानंतरच्या दशकातली एक लिव्हाइस ओसाड पडलेल्या खाणीत सापडली आणि २०२२ साली न्यू मेक्सिकोत लिलावात ७६ हजार डॉलरांना गेली. तिच्यावर मेणाचे थेंब आहेत, खाणीत काम मेणबत्तीच्या उजेडात चाले. आणि आतल्या खिशावर छापलेलं आहे की गोऱ्या कामगारांनी बनवलेला हा एकमेव प्रकार आहे. चिनी मजुरांना देशात यायला बंदी करणारा कायदा १८८२ चा. त्या हवेत अशी ओळ छापणं ही जाहिरात होती. आणि त्याच वर्षांत सॅन फ्रान्सिस्कोतल्या बहुतेक लाँड्र्या चिनी माणसांच्या होत्या. लाकडी इमारतीत लाँड्री चालवायला परवाना लागेल असा नियम शहरानं केला आणि चिनी अर्जदारांना तो नाकारत गेलं, गोऱ्यांना देत गेलं. यिक वो या लाँड्रीच्या नावानं चाललेला खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि १८८६ साली निकाल लाँड्रीवाल्याच्या बाजूनं लागला. शिवणारे हात गोरे असल्याची ग्वाही देणाऱ्या कितीतरी पाटलोणी शनिवारी मळून या चिनी हातांत गेल्या असतील आणि सोमवारी घड्या घालून परत आल्या असतील. शिवणाऱ्याची जात खिशावर छापली गेली. धुणाऱ्याचं नाव कुठल्याच कपड्यावर नसतं.

माझ्या जीन्सचा डावा गुडघा आता विरत चालला आहे. उभे निळे धागे झिजले आणि आडवे पांढरे उघडे पडले. उजेडाकडे धरली तर पलीकडचं दिसतं. भोक पडायच्या आत रफू करून घ्यायला हवं, आणि रफूआधी धुवायला हवं, नाही तर मळ दोऱ्यासकट आत विणला जातो. रफूवाल्या चाचांना मी परवा गुडघा दाखवून आलो. त्यांनी रिळं समोर ठेवली आणि विचारलं, दोरा आजच्या रंगाचा लावू की पुढच्या? रिळाचा दोरा पक्क्या रंगाचा. तो आज जुळेल असा घेतला तर भोवतालची नीळ जात राहील आणि दोन वर्षांत रफू गडद उठून दिसेल. आधीच फिका घेतला तर आज ठिगळ दिसेल, पुढे मिसळून जाईल. मी घुटमळलो तेव्हा त्यांनी तिसरी वाट सांगितली. पायाच्या खालची दुमड सोडली तर आतल्या कापडातून मूळ धागे काढता येतील, आणि ते याच निळीचे असल्यामुळे गुडघ्याबरोबर तेही उतरत जातील, फक्त त्यांची सुरुवात पहिल्या दिवसापासून होईल. त्यासाठी पाय बोटभर आखूड करावे लागतील. धुवून, वाळवून रविवारी घेऊन येतो म्हणालो. दुमड सोडायची की नाही, ते तोवर ठरवायचं आहे. आईचं मत पडलं, दुमडीला हात लावायचा नाही.